रुआनोच्या खुर्चीत

आजच्या दिवसापुरते तुम्ही डॉक्टर रुआनो. सालामांकाला शिकलेले स्पॅनिश वैद्य. मेव्हणा जहाजावरचा कारभारी. त्याच्या सोबतीनं मार्चात लिस्बन सोडलंत आणि सप्टेंबरात मांडवीच्या धक्क्याला लागलात. साल १५६२. मुक्काम गार्सिया द ओर्ता यांच्या घरी. नाव उच्चारताच हमाल पेटी डोक्यावर घेऊन चालू लागतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आलेल्या आणि इथलेच होऊन गेलेल्या या वैद्याच्या घराचा पत्ता गोव्यात सांगावा लागत नाही.

रुआनो नावाचा माणूस प्रत्यक्षात कधी नव्हता, ही तुमची मोठी सोय. ओर्ता हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहीत आहेत आणि ते त्यांनी संवादात मांडलंय. प्रश्न विचारायला, शंका काढायला, जुन्या ग्रंथांची बाजू घेऊन भांडायला समोर कोणी हवं, म्हणून हा विद्वान त्यांनी कागदावर जन्माला घातला. त्याची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही बसलात तर कोणाची जागा बळकावली असं होणार नाही.

धक्क्यावरून वर चढताना नजर गोंधळते. माड, पोफळी, फणस, आंबा, वड, चिंच, सगळं ओळखीचं, आणि तरी हिरवाई वेगळीच वाटते. काय नाही ते हळूहळू ध्यानात येतं. वाटेच्या कडेला घाणेरीची जाळी नाही. कुठे गुलमोहर नाही. तो अजून मादागास्करच्या रानात आहे. शेताच्या बांधावर ग्लिरिसिडिया नाही. आणि डोंगरउतारावर नजर टाकाल तर काजूही दिसत नाही. हे ब्राझीलचं झाड. ओर्तांच्या पुस्तकात त्याच्यावर प्रकरण नाही, आणि सोळा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाव द कोश्ता त्याचं वर्णन छापतील तेही कोचीनला पाहिलेल्या झाडाचं. 'आपलं कोकणचं रान' म्हणून जे तुमच्या डोळ्यांत बसलंय, त्यातलं बरंच काही अजून समुद्रापलीकडे आहे.

ओर्ता साठीचे आहेत. १५३४ साली मार्तिम अफोंसो द सौझा यांच्या आरमाराबरोबर आले ते परत गेलेच नाहीत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्यांची ऊठबस होती. तिथले हकीम अरबी-फारसी नावं सांगत, हे लॅटिन नावं सांगत. गोव्यात घर, बाग, नाव, पैसा. मुंबईचं बेट त्यांच्याकडे भाडेपट्ट्यानं आहे. ते बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लोकल आणि टॉवर उभे राहतात. ओर्तांना आठवतो तिथला आंबा. त्या बेटावर त्यांचं एक झाड आहे, वर्षातून दोनदा फळणारं, एकदा मे महिन्यात आणि एकदा वर्षाअखेरीस. पुस्तकात मुंबईचं कूळ आंब्यांची करंडी घेऊन दारात उभं राहतं आणि आंब्यावरचा संवाद तिथूनच सुरू होतो. मग दोघे वैद्य वारुणीत बुडवलेल्या आंब्याच्या फोडी खात चर्चा करतात. तुम्ही आलात तो महिना आंब्याचा नाही. तेवढं एक हुकलं.

खुर्चीत बसताच तुमचं काम सुरू होतं. रुआनो म्हणून तुमच्या डोक्यात डायोस्कोरायडिस, गॅलन, प्लिनी ठासून भरलेत. तुम्ही विचारायचं, ग्रंथात असं म्हटलंय, मग तुम्ही वेगळं कसं सांगता? ओर्ता कबूल करतात की स्पेनमध्ये असते तर गॅलनविरुद्ध बोलायची त्यांची छाती झाली नसती. इथे झाड अंगणात आहे. ग्रंथ आणि झाड यांचं पटलं नाही तर ते झाडाची बाजू घेतात. त्या काळच्या युरोपात हे धाडस होतं.

बोलता बोलता फळाचा विषय निघतो आणि ओर्ता आंतोनियाला हाक मारतात. आंतोनिया घरात कामाला असलेली मुलगी. पुस्तकात तिची ओळख तेवढीच. हाक मारली की येते, सांगितलेलं फळ, पान, मूळ आणून दाखवते. आत्ता तिच्या ओंजळीत करमलं आहेत. एक हातात घ्या. पाच कडा, त्यांच्यामध्ये खोल पन्हळी, मेण लावल्यासारखी पिवळट हिरवी साल, कडांच्या टोकाला तपकिरी रेघ. आडवी चकती कापली की तळहातावर पाच टोकांची चांदणी उमटते. ओर्ता सांगतात, साखरेत मुरवून तापकऱ्याला देतात, आणि डोळ्यावर सारा आला तर इथले लोक याच्या रसात इतर औषधं घालून अंजन करतात. तुम्ही लिहून घेता.

पुस्तकात आंतोनियाचं काम इथे संपतं. पण खुर्चीत आज तुम्ही आहात. ती वळते तेव्हा विचारा.

"तुमच्या घरी याचं काय करतात गं?"

ती आधी धन्याकडे बघते. मग हळूच म्हणते, "आमटाणाला. हुमणात चिंच नसली की हे चालतं."

"आणखी?"

"तांब्याची भांडी घासायला. याच्या फोडीनं घासलं की तांबं लख्ख निघतं. पिकलेलं नको, कच्चंच हवं."

या दोन वाक्यांत बरंच रसायनशास्त्र आहे. करमलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, कच्च्यात अधिक. तांब्यावरची कळकट तेच काढतं, आणि काही अंशी त्यामुळेच मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला आजचे डॉक्टर हे फळ खाऊ देत नाहीत. सालामांकाच्या वैद्याला स्वयंपाकघरातला हा तपशील मागावासा वाटला नसता.

दुसरा विषय जिव्हाळ्याचा: मोडशी. कोकणातल्या आजीच्या तोंडी पोट बिघडलं की हाच शब्द यायचा. ओर्तांच्या गोव्यात मात्र मोडशी म्हणजे काही तासांत माणूस उचलून नेणारा पटकीचा आजार. नाडी बुडते, डोळे आत जातात, पायांत गोळे येतात, हे ते रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्याच्या नेमकेपणानं सांगतात. मग तुम्ही विचारता, इथले वैद्य काय देतात? उत्तर येतं: तांदळाची पेज, मिरी आणि जिरं घालून. तुम्ही खुर्चीत सावरून बसता. जुलाबात शरीरातलं पाणी भरून काढलं तर माणूस वाचतो आणि भाताचं पाणी त्या कामाला उत्तम, हे आधुनिक वैद्यक विसाव्या शतकात पुराव्यानिशी सांगेल. गोव्यातली घरं तेव्हा पेज चुलीवर ठेवून मोकळी झाली होती. ओर्तांनी ते ऐकलं आणि लिहिलं. नव्या उपायाला नाक मुरडायची मुभा त्यांना होती, वापरली नाही.

सगळं मात्र बरोबर ऐकलं जात नाही. मिरीचा विषय घ्या. काळी मिरी आणि पांढरी मिरी यांचे वेल वेगळे, काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांचे असतात तसे, असं ओर्तांचं मत. रुआनोनं इथे मान डोलवली असती. तुम्ही उठा आणि मागच्या बागेत जा. पोफळीला बिलगून वेल वर गेलाय, पानाआड हिरवे घोस लोंबताहेत. खाली म्हातारा माळी आळं नीट करतोय.

"बाबा, ही मिरी काळी का पांढरी?"

तो वर बघतो, थट्टा तर नाही ना याचा अदमास घेतो. "ही हिरवी, पात्रांव."

"म्हणजे पुढे काळी होणार?"

"तुम्ही कराल ती होईल. घोसात एखादा दाणा तांबडा दिसू लागला की काढायचा आणि उन्हात टाकायचा. साल सुरकुतते, काळी मिरी होते. तसंच ठेवून पुरतं पिकू दिलं, पाण्यात भिजवलं आणि साल चोळून टाकली, की आत पांढरा दाणा."

"म्हणजे वेल एकच?"

"वेल एकच. दाणाही एकच." आणि तो पुन्हा आळ्याकडे वळतो. त्याच्या दृष्टीनं यात चर्चेसारखं काही नाही.

अठ्ठावीस वर्षं हिंदुस्थानात काढलेला, ग्रंथांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणारा, राजांच्या आणि हकिमांच्या पंगतीतला माणूस मिरीला चुकला. ज्याला ठाऊक होतं त्याला हा प्रश्न कोणी घातला नसणार. संवाद कितीही मोकळा असला तरी त्याची पोच खुर्च्या कोणासाठी मांडल्या आहेत तेवढीच. ओर्तांनी एक खुर्ची सालामांकाच्या विद्वानासाठी मांडली. मालुपा नावाच्या गोव्यातल्या हिंदू वैद्यालाही त्यांनी पुस्तकात बोलतं केलं, हा त्यांचा मोठेपणा. माळ्यापर्यंत खुर्ची गेली नाही.

दुपार कलते. ओर्ता भांगेचा किस्सा काढतात. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मार्तिम अफोंसोंना म्हणाला होता, की रात्री पोर्तुगालला, ब्राझीलला किंवा तुर्कस्तानला जाऊन यावंसं वाटलं तर त्याला थोडी भांग पुरते. ओर्ता हसतात, तुम्हीही हसता. चार शतकं ओलांडून त्यांच्या अंगणात बसलेल्या माणसानं यावर काही न बोललेलं बरं. मागोमाग हिंगाची गोष्ट येते. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा पोटातल्या वाऱ्यानं बेजार. राजा म्हणून विकत घेईना. मालकानं त्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजानं तो घेतला. औषध कळल्यावर राजाला नवल वाटलं नाही. त्याच्या लेखी हिंग हे देवांचं खाणं. पोर्तुगिजाच्या नाकाला ते पटलं नाही, तो भाग वेगळा.

सूर्य बुडायला आला की ओर्ता तुम्हाला पारिजातकापाशी नेतात. पोर्तुगीज याला दुःखी झाड म्हणतात, कारण ते फक्त रात्री फुलतं. पानावरून बोट फिरवा. खरखरीत, सुताराच्या पॉलिशकागदासारखं. फांदीच्या टोकाला कळ्यांचे झुबके. उजेड मंदावतो तशा पाकळ्या एकेक करून उलगडतात, पाच, सहा, कधी सात, प्रत्येकीचं टोक मधोमध खाचलेलं आणि सगळी पाकळी किंचित पिळलेली, भिंगरीच्या पात्यागत एकाच दिशेला कललेली. मधोमध केशरी नळी. तिच्यावर ओर्तांचा वैद्यकी डोळा खिळतो. ते सांगतात, हे देठ केशराऐवजी अन्नाला रंग यावा म्हणून वापरतात.

त्यांनी ऐकलेली कथा तुमच्या ओळखीची नाही. सत्यभामा-रुक्मिणीचा रुसवा तीत नाही. एका सरदाराची मुलगी सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्यानं तिला टाकलं. तिनं जीव दिला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत. ही कथा त्यांना सांगणारा कोणी तरी होता. नाव दिलेलं नाही.

या बागेत एका विषयावर मात्र बोलणं होत नाही. ओर्तांचं घराणं नव-ख्रिस्ती, म्हणजे सक्तीनं धर्म बदललेल्या ज्यूंपैकी. दोनच वर्षांपूर्वी, १५६० साली, गोव्यात धर्मन्यायासन बसलंय. बोलणं तिकडे वळू लागताच गप्पा पुन्हा झाडाकडे येतात, आणि कोण कशामुळे गप्प बसतं हे पाहुण्यालाही कळतं. तुमच्याजवळ पुढची पानं आहेत. ती तुम्ही यजमानाला वाचून दाखवत नाही.

आता वेळ जरा पुढे ढकला. १० एप्रिल १५६३. गोव्यात छापखाना येऊन सात वर्षं झालीत. जोआंव द एंदेम यांनी छापलेली 'हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयी संभाषणं' तुमच्या हातात पडतात. आत व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता आहे. कवी लुईश द कामोंइश, आणि छापील रूपात आलेली ही त्यांची पहिलीच कविता. खिळे जुळवणाऱ्यांचा हात कच्चा, त्यामुळे शुद्धिपत्र पानंच्या पानं लांबलंय. भाषा लॅटिन नाही, पोर्तुगीज, बाजारात चालणारी. आंतोनिया येते-जाते, आंब्याची करंडी येते, मध्येच रोग्याचा निरोप येतो, बोलणं तुटतं, पुन्हा जुळतं. ज्ञान कसं जमा होतं हे या पुस्तकात दिसतं: कोणीतरी विचारतं, कोणीतरी हात धरून झाडापाशी नेतं.

आणखी चार वर्षं पुढे. १५६७, अँटवर्प, प्लांतांचा छापखाना. कारोलुस क्लूझियुस या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञाला हे पुस्तक पोर्तुगालच्या प्रवासात मिळालं. त्याचं मोल त्यानं लगेच ओळखलं आणि युरोपभरच्या विद्वानांसाठी लॅटिनमध्ये आणलं. ओर्तांची कीर्ती पसरली ती या लॅटिन पुस्तकामुळे. तुम्ही त्याच्या टेबलाशी उभे राहून पानं उलटा. वनस्पती आहेत, गुण आहेत, नावं आहेत, क्लूझियुसच्या टिपा आणि नेटकी चित्रं आहेत. संवाद गेलाय. त्यानं मजकूर संक्षिप्त केला, क्रम लावला आणि प्रश्नोत्तरं काढून टाकली. शास्त्राच्या दृष्टीनं काम चोख आहे, त्यात त्याचा दोष काढता येणार नाही. पण रुआनो गेला, म्हणजे तुमची खुर्ची गेली. आंतोनिया गेली. करमल राहिलं, ते आणून देणारा हात राहिला नाही. पुढचे वाचक विचारतील तेव्हा उत्तर एवढंच मिळेल, की हे ओर्तांना ठाऊक होतं.

ओर्तांचंही पुढे ऐका. १५६८ साली ते गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळण्यात आलं. १५८० साली खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून काढून जाळल्या. आपल्याला कोणी, काय सांगितलं हे लिहून ठेवणारा माणूस स्वतःबद्दल जे बोलू शकला नाही, ते न्यायासनाच्या कागदांत लिहिलं गेलं. आज पणजीतल्या बागेला त्यांचं नाव आहे. आंतोनियाच्या नावाचं कुठे काही नाही.

शेवटचा टप्पा तुमच्याच काळात. महाराष्ट्रातलं किंवा गोव्यातलं कुठलंही गाव, ग्रामपंचायतीची खोली, टेबलावर जाडजूड वही: लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं गावकऱ्यांशी बोलून ही वही तयार करावी अशी तरतूद केली. माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी या कल्पनेमागे वर्षानुवर्षं उभे राहिले. पिकं, रानभाज्या, मासे, पक्षी, औषधी झाडं, सगळ्यांचे तक्ते असतात. आणि त्याच नमुन्यात आणखी दोन याद्या आहेत: गावातले वैदू-वैद्य कोण, आणि गावाच्या मते जाणकार माणसं कोण. अँटवर्पमध्ये जे कापलं गेलं, ते परत जोडायला कायद्यानं जागा करून ठेवलीय.

पण रकाना असला म्हणून भरला जातोच असं नाही. पुष्कळ वह्या घाईत होतात, झाडांची यादी तयार पुस्तकातून उतरवली जाते, सह्या होतात, वही कपाटात जाते. तसं होऊ द्यायचं नसेल तर खुर्ची उचलून बाहेर न्यावी लागते. गुराख्याला विचारा की शेळी कुठलं पान तोंडात घेऊन थुंकते. मासेवालीला विचारा की कोणता मासा पहिल्या पावसात शेतात चढतो आणि आता तो का दिसत नाही. आजीला विचारा की टाकळ्याची भाजी कधीपर्यंत खायची आणि कधी सोडायची. प्रश्न नेमका विचारा. मिरी काळी का पांढरी असा चुकीचा प्रश्न विचारलात तरी हरकत नाही. ज्याला ठाऊक आहे तो तो दुरुस्त करून उत्तर देईल. मग वहीत वनस्पतीच्या नावासमोर सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, वाडीसकट, त्याच्या परवानगीनं लिहा. 'स्थानिक लोक म्हणतात' एवढ्यावर भागवू नका. स्थानिक लोक कधीच काही म्हणत नसतात; म्हणतं ते कोणीतरी एक माणूस, आणि त्याला नाव असतं.